क्रिकेटवीर पालवणकर बाळू : मैदानात बरोबर, चहाला बाहेर

आपल्या वस्तीतील मुले संध्याकाळी मोकळ्या जागेत क्रिकेट खेळतात. तीन विटांचे स्टंप, फळीची बॅट आणि रबरी चेंडू एवढ्या सामानावर त्यांचा सामना रंगतो. खेळून दमली की ती नळावर जातात आणि ओंजळीने पाणी पितात. त्या पाण्यामागे किती मोठा इतिहास आहे हे त्या मुलांना ठाऊक नसते. ते त्यांना कोणी सांगावे? आपणच सांगावे. म्हणून या अंकात एका क्रिकेट खेळाडूचे चरित्र देत आहोत. त्यांचे नाव पालवणकर बाळू. पी. बाळू या नावाने ते साऱ्या हिंदुस्थानात ओळखले जात. त्यांच्या गोलंदाजीपुढे गोऱ्या साहेबांचे फलंदाज हतबल होत. पण सामन्याच्या मधल्या सुटीत त्यांच्याच संघातले खेळाडू त्यांच्याबरोबर चहा पीत नसत.

हे चरित्र आपण धम्माच्या पाक्षिकात का वाचावे, असा प्रश्न कोणी विचारील. बाळू बौद्ध नव्हते. पुढील आयुष्यात ते परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विरोधात निवडणुकीलाही उभे राहिले. तरीही त्यांचे जीवन आपण समजून घेतले पाहिजे. माणसाने आपल्या गुणांनी जातीची भिंत किती फोडता येते आणि ती भिंत कुठे येऊन अडते, हे त्यांच्या आयुष्यात जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच दुसरीकडे दिसेल.

लष्कराच्या छावणीतले बालपण

बाळूंचा जन्म १८७५-७६ च्या सुमारास धारवाड येथे एका चांभार कुटुंबात झाला. घराणे मूळचे कोकणातले. रत्नागिरी भागातील पालवण गावावरून पालवणकर हे आडनाव आले. वडील लष्करी खात्यात नोकरीला होते आणि त्या नोकरीमुळे कुटुंब पुण्याला आले.

त्या काळात अस्पृश्य समाजातील ज्या ज्या घरांनी थोडी मान वर काढली, त्यांतील अनेकांचा लष्कराशी संबंध होता हे आपण जाणतोच. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी हेही लष्करातच होते. गावगाड्यात चांभाराने चामडेच कमवायचे आणि महाराने वेठच करायची. छावणीत मात्र पगार ठरलेला, काम ठरलेले, आणि मुलांना गावाच्या वेशीपलीकडचे जग दिसे. बाळू आणि त्यांचा धाकटा भाऊ शिवराम यांना छावणीत गोरे अधिकारी क्रिकेट खेळताना दिसत. साहेबांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि झिजलेले चेंडू घेऊन ही मुले खेळू लागली. पुढे विठ्ठल आणि गणपत हे दोघे भाऊही खेळात उतरले. चार भावांचे हे घर हिंदुस्थानच्या क्रिकेटमध्ये नामांकित झाले. त्याची सुरुवात अशी दुसऱ्याच्या टाकाऊ सामानावर झाली.

तीन रुपयांची नोकरी

घरची गरिबी असल्याने शिक्षण फार झाले नाही. कोवळ्या वयातच बाळूंना नोकरी धरावी लागली. पुण्यातील पारशी लोकांच्या क्रिकेट क्लबात खेळपट्टी झाडणे आणि तिच्यावर रोलर फिरवणे हे त्यांचे काम. पगार महिना तीन रुपये. कधी मधी सभासदांना सरावासाठी चेंडू टाकायला मिळत. तेवढीच शिकण्याची संधी.

१८९२ च्या सुमारास ते गोऱ्या लोकांच्या पूना क्लबात लागले. पगार एक रुपयाने वाढून चार रुपये झाला. खेळपट्टी दाबायची, चुन्याच्या रेघा मारायच्या, सरावाची जाळी बांधायची, टेनिसचे कोर्ट आखायचे, अशी सारी गड्याची कामे. पण साहेब लोकांना सरावासाठी गोलंदाज हवा असे, आणि बाळू डाव्या हाताने फारच चांगला चेंडू टाकतात हे त्यांच्या लवकरच ध्यानात आले. संथ गतीचा, कधी आत येणारा, कधी बाहेर वळणारा, हवेत लोंबकळून फलंदाजाला चकवणारा असा तो चेंडू असे.

कॅप्टन जे. जी. ग्रेग हा त्या वेळी हिंदुस्थानातील गोऱ्या फलंदाजांमध्ये अग्रगण्य होता. तो पुढे इंग्लंडमध्ये हॅम्पशायर परगण्याकडूनही खेळला. हा ग्रेग इतरांच्या आधी मैदानावर येई आणि बाळूंच्या गोलंदाजीवर तासन् तास सराव करी. आपल्याला बाद केले की दर वेळी तो बाळूंना आठ आणे देई, अशी गोष्ट पुण्यात सांगत असत. महिन्याला चार रुपये पगार असलेल्या माणसाने आठवड्यात दोनदा ग्रेगला बाद केले तर पगाराइतकीच वरकमाई होई.

पण एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. पूना क्लबात बाळूंनी शेकडो तास चेंडू टाकले, परंतु त्यांच्या हाती फलंदाजी करायला बॅट कधी दिली गेली नाही. घाम गाळून चेंडू टाकणे हे नोकराचे काम आणि बॅट धरून फटके मारणे हा मालकाचा मान, अशी ती विभागणी होती. चातुर्वर्ण्य फक्त पोथीत नसते. ते खेळाच्या मैदानावरही आपली जागा आखून घेते. बाळूंनी मात्र मिळाले त्या कामातच आपली विद्या घडवली. ज्याने सराव घेतला त्या साहेबाची बॅट सुधारली असेल, पण खरा वस्ताद तयार झाला तो चेंडू टाकणारा.

मातीचे बोळके

पुण्यातील हिंदूंच्या क्लबाला गोऱ्यांच्या क्लबाला हरवायचे होते. ते हरवू शकेल असा गोलंदाज शहरात एकच होता, आणि तो जन्माने अस्पृश्य होता. आता काय करावे? क्लबात वाद झाला. काहींचे म्हणणे, याला घ्यावे. काहींचे म्हणणे, चांभाराला संघात घेतले तर आपला धर्म बुडेल. शेवटी जिंकण्याची इच्छा बाटण्याच्या भीतीपेक्षा मोठी ठरली आणि बाळू संघात आले.

खेळाच्या नियमापुरता विटाळ बाजूला ठेवण्यात आला. एकच चेंडू अकरा जणांच्या हातातून फिरे आणि त्याने कोणी बाटत नसे. पण चहाची सुटी झाली की सोवळे पुन्हा जागे होई. बाकीचे खेळाडू आत बसून चिनीमातीच्या कपातून चहा पीत. बाळूंना तंबूबाहेर उभे करून, पिऊन झाल्यावर फोडून टाकायच्या मातीच्या बोळक्यात चहा दिला जाई. त्यांना हात-तोंड धुवायचे झाले तर एखादा अस्पृश्य नोकर किटली घेऊन मैदानाच्या कोपऱ्यात जाई आणि तिथे त्यांच्या हातावर पाणी ओती. जेवणाच्या वेळी त्यांचे ताट वेगळे आणि टेबलही वेगळे.

वाचकहो, हे पुणे शहर आहे हे विसरू नका. याच पुण्यात पेशवाईच्या काळी अस्पृश्याने गळ्यात मडके बांधून चालावे, म्हणजे त्याची थुंकी रस्त्यावर पडून वाट बाटणार नाही, असा दंडक होता हे बाबासाहेबांनी लिहून ठेवले आहे. पेशवाई १८१८ साली गेली. मडके गळ्यातून निघाले, आणि ऐंशी वर्षांनी त्याच शहरात ते चहाचे बोळके होऊन हातात आले. त्याच सुमारास साताऱ्याच्या शाळेत लहान भीमरावांना शिपायाने वरून ओतलेले पाणी प्यावे लागत होते. शिपाई नसला म्हणजे तहानलेलेच राहावे लागे. मैदान वेगळे, शाळा वेगळी, विटाळ मात्र एकच.

बाळूंनी ते बोळके कोणत्या मनाने तोंडाला लावले असेल? चहा पिऊन ते पुन्हा मैदानात जात, आणि ज्यांनी त्यांना बाहेर उभे केले त्यांच्याच संघासाठी बळी घेत. पुण्याच्या हिंदू संघाने गोऱ्यांना हरवले. मग हा संघ साताऱ्याला गेला. तिथल्या गोऱ्या जिमखान्याने बाळूंची फिरकी चालू नये म्हणून खेळपट्टीवर आठवडाभर रोलर फिरवून ठेवला होता असे सांगतात. तरीही बाळूंनी सात गडी बाद केले आणि सामना जिंकून दिला.

या विजयानंतर न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी हिंदू खेळाडूंची कानउघाडणी केली. ज्याच्याबरोबर खेळता येते त्याच्याबरोबर खातापिताही आले पाहिजे, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. रानड्यांनी जाहीर सभेत बाळूंना हारही घातला. एका मोठ्या ब्राह्मण न्यायमूर्तीने चांभाराच्या मुलाला हार घालावा ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती, आणि ज्याने चांगले केले त्याचे श्रेय त्याला द्यावे हे आपल्या धम्माला धरूनच आहे. पण तो हार गळ्यात पडण्यासाठी आधी सात गडी बाद करावे लागले, हेही आपण विसरू नये.

मुंबई आणि १९०६ चा विजय

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाळू मुंबईला आले. रेल्वेत नोकरी लागली. परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याने त्यांना आपल्या संघात घेतले. गिरण्या, रेल्वे, गोदी यांच्या या शहरात जात पुसली गेली नव्हती, पण पुण्याइतकी करकरीत राहिली नव्हती. गाडीच्या डब्यात शेजारी कोण बसला हे विचारीत बसण्यास तिथे सवड नव्हती.

त्या वेळी मुंबईतील मोठे सामने धर्मवार संघांत होत. आधी गोरे आणि पारशी खेळत, पुढे हिंदू आले आणि त्यानंतर १९१२ मध्ये मुसलमानांचा संघ येऊन चौरंगी सामने सुरू झाले. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदूंचा संघ बॉम्बे जिमखान्यावर गोऱ्यांविरुद्ध उतरला. हिंदूंनी २४२ आणि १६० धावा केल्या. गोऱ्यांचे डाव १९१ आणि १०२ धावांत आटोपले. १०९ धावांनी विजय! त्यात बाळूंच्या गोलंदाजीचा वाटा मोठा होता. वंगभंगाच्या चळवळीने देश पेटलेला असताना राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरवल्याचा आनंद सगळीकडे पसरला.

मुंबईच्या एका समाजसुधारक इंग्रजी पत्राने तेव्हा लिहिले की, या चांभार बंधूंना हिंदू जिमखान्यात मिळालेल्या प्रवेशाने हजारो तरुणांची मने जितकी उदार झाली तितकी इतर कोणत्याही प्रयत्नाने झाली नाहीत. खेळाच्या मैदानावर लोकांनी डोळ्यांनी पाहिले की अस्पृश्याचा हात कोणापेक्षाही कमी नाही. पुराव्यापुढे पोथी थोडा वेळ गप्प बसली. मात्र ती पोथी कायमची मिटलेली नव्हती.

विलायतेत ११४ बळी

१९११ साली अखिल हिंदुस्थानचा संघ विलायतेला गेला. कर्णधार होते पतियाळाचे तरुण महाराजा भूपिंदरसिंग. संघात राजे होते, पारशी होते, मुसलमान होते, ब्राह्मण होते, आणि बाळू व शिवराम हे दोघे चांभार बंधूही होते. संघाची कामगिरी एकंदरीत बेताचीच झाली. तेवीस सामन्यांपैकी सहा जिंकले आणि पंधरा गमावले. महाराजांचे लक्ष खेळापेक्षा लंडनच्या मेजवान्यांकडे अधिक होते.

पण या अपयशातही एक माणूस उठून दिसला. बाळूंचे वय पस्तिशीचे, खांदा दुखावलेला, आणि जवळजवळ प्रत्येक सामन्यात गोलंदाजीचा भार त्यांच्यावर. त्यांनी सर्व सामन्यांत मिळून ११४ बळी घेतले, तेही सरासरी १९ पेक्षा कमी धावांत. त्यांतील ७५ बळी प्रथम दर्जाच्या सामन्यांतले होते. केंब्रिज विद्यापीठाच्या संघाविरुद्ध त्यांनी एका डावात आठ गडी टिपले. शिवरामांनी सॉमरसेटविरुद्ध नाबाद ११३ धावा काढल्या आणि तो सामना हिंदुस्थानने जिंकला. जे हात पूना क्लबात रोलर ओढत होते त्यांनी विलायतेच्या मैदानांवर आपली मोहोर उमटवली.

परत आल्यावर मुंबईत अस्पृश्य समाजाने बाळूंचा सत्कार केला. त्या सत्काराच्या मानपत्राशी एका वीस वर्षांच्या कॉलेज विद्यार्थ्याचा संबंध होता. तो विद्यार्थी म्हणजे एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणारे भीमराव आंबेडकर. अभ्यासासाठी पहाटे दिवा लावून बसणाऱ्या त्या तरुणाला, आपल्यासारख्याच घरातून आलेल्या आणि साहेबांच्या देशात जाऊन नाव काढलेल्या या माणसाचा किती अभिमान वाटला असेल! बाबासाहेबांच्या पिढीतील अस्पृश्य तरुणांसमोर यशाचे जे पहिले जिवंत उदाहरण होते, ते बाळूंचे होते. हे ऋण आपण मानले पाहिजे.

कर्णधार कोण होणार?

आता या चरित्राचा खरा पेच येतो. बाळूंनी बळी घ्यावेत याला कोणाची हरकत उरली नव्हती. पण त्यांनी हुकूम द्यावेत का? संघात सर्वांत ज्येष्ठ तेच. अनुभव सर्वांत मोठा त्यांचाच. खेळाची जाण कोणाला अधिक, हे साऱ्या मुंबईला ठाऊक होते. तरीही १९१० पासून वर्षामागून वर्षे गेली आणि हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूंना मिळाले नाही. ते सवर्ण खेळाडूंकडेच राहिले. त्यांतील एक, एम. डी. पै, प्रामाणिक गृहस्थ होते. १९१३ साली आपल्या सत्काराच्या वेळी त्यांनी उघड कबूल केले की हा मान ज्येष्ठ म्हणून बाळूंना मिळायला हवा होता. कबुली मिळाली. पद मिळाले नाही.

१९२० साली हा अन्याय टोकाला गेला. पै आजारी पडले, तेव्हा कर्णधार म्हणून पुण्याचे दि. ब. देवधर यांचे नाव पुढे आले. विठ्ठल आणि शिवराम यांचा दावा डावलला गेला आणि बाळूंना तर संघातूनच वगळण्यात आले. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या दोघा भावांनी जे केले ते सोन्याच्या अक्षरांनी लिहून ठेवण्यासारखे आहे. ते संघातून बाहेर पडले, आणि आपण जातीमुळे डावलले गेलो म्हणून खेळत नाही हे त्यांनी लोकांसमोर जाहीर मांडले. ना शिवीगाळ, ना विनवणी. ज्या संघात आमच्या हाताची गरज आहे पण आमच्या माणूसपणाची नाही, त्या संघाला आमचा हातही मिळणार नाही, एवढाच त्या कृतीचा अर्थ होता.

लोकमत खवळले. वर्तमानपत्रांत चर्चा झाली. तडजोड निघाली. पै कर्णधार म्हणून परतले, बाळूंना उपकर्णधार करण्यात आले आणि दोघे भाऊ संघात आले. सामन्यात पै मैदानाबाहेर गेले तेव्हा काही काळ बाळूंनी हिंदू संघाचे नेतृत्व केले. पंचवीस वर्षांच्या सेवेनंतर, चाळिशी उलटल्यावर, तेही थोडा वेळ!

तीन वर्षांनी, १९२३ मध्ये, धाकटे बंधू विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले. त्या वर्षी हिंदूंनी अंतिम सामन्यात गोऱ्यांना हरवून चौरंगी स्पर्धा जिंकली आणि लोकांनी विठ्ठलना खांद्यावर घेतले. थोरल्याच्या कामगिरीने दार किलकिले केले होते. ते उघडले, ते भावांनी बाहेर उभे राहण्याची हिंमत दाखवल्यावर.

उपालीची आठवण

येथे एक जुनी गोष्ट आठवते. भगवान बुद्धांकडे अनिरुद्ध, आनंद, भद्दिय इत्यादी शाक्य राजकुमार दीक्षा घेण्यासाठी निघाले, तेव्हा त्यांच्याबरोबर उपाली नावाचा त्यांचा न्हावी होता. राजकुमारांनी भगवंतांना विनंती केली की आम्ही शाक्य मोठे गर्विष्ठ आहोत, म्हणून आधी उपालीला दीक्षा द्यावी, म्हणजे आम्हाला त्याला वंदन करावे लागेल आणि आमचा कुलाचा अभिमान गळून पडेल. भगवंतांनी तसेच केले. संघात ज्येष्ठता जन्मावर नाही, दीक्षेच्या क्रमावर ठरते. कालचा न्हावी आजच्या राजकुमारांचा ज्येष्ठ झाला. पुढे विनयाचा सर्वश्रेष्ठ जाणकार म्हणून त्याच उपालींची कीर्ती झाली, आणि भगवंतांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहाच्या संगीतीत विनयाबद्दलचे प्रश्न त्यांनाच विचारले गेले.

आता दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहा. एका संघात न्हावी आधी आला म्हणून राजपुत्रांनी त्याच्यापुढे मान लववली. दुसऱ्या संघात चांभार सर्वांत आधी आला, सर्वांत अधिक बळी घेतले, तरी त्याची मान वर होऊ दिली नाही. गुण दोन्हीकडे होते. फरक नियमात होता. एका ठिकाणी समता हा संघाचा नियमच होता, तर दुसरीकडे ती मेहेरबानी होती. मेहेरबानीवर मिळालेली जागा मेहेरबानी संपली की जाते. बाबासाहेबांनी आपल्याला धम्माच्या वाटेवर का आणले, हे ज्याला एका उदाहरणाने समजून घ्यायचे असेल त्याने उपालींची आणि बाळूंची गोष्ट एकत्र सांगावी.

बाबासाहेबांशी मतभेद

खेळातून निवृत्त झाल्यावर बाळू अस्पृश्यांच्या सार्वजनिक कार्यात राहिले. पण त्यांची वाट बाबासाहेबांच्या वाटेपासून हळूहळू दूर गेली. सवर्ण हिंदूंशी फारकत न घेता, त्यांच्यातील सुधारकांच्या साहाय्याने आपला प्रश्न सुटेल असे बाळूंना वाटत होते. १९३२ साली स्वतंत्र मतदारसंघाचा प्रश्न आला तेव्हा ते मद्रासचे एम. सी. राजा यांच्याबरोबर संयुक्त मतदारसंघाच्या बाजूने होते. गांधीजींच्या उपोषणादरम्यान २४ सप्टेंबर १९३२ रोजी झालेल्या पुणे करारावर बाबासाहेबांची सही आहे, तशी बाळूंचीही आहे. ज्या शहरात त्यांना मातीच्या बोळक्यात चहा मिळाला होता त्याच शहराच्या नावाचा हा करार.

१९३५ साली येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून न मरण्याचा निर्धार जाहीर केला. बाळूंना तो मार्ग पटला नाही. १९३७ च्या मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसने बाबासाहेबांसमोर बाळूंना उभे केले. अस्पृश्य जनतेपुढे एका बाजूला तिचा लाडका खेळाडू आणि दुसऱ्या बाजूला तिचा नेता उभा राहिला. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. जनतेने आपला नेता निवडला.

या प्रसंगावरून बाळूंना नावे ठेवणे सोपे आहे. पण आपण तसे करू नये. ज्या माणसाला आयुष्यभर हिंदू समाजातील काही चांगल्या लोकांनी हात दिला, रानड्यांनी हार घातला, पै यांनी प्रामाणिक कबुली दिली, त्याला त्या समाजात आशा वाटली तर त्यात नवल नाही. प्रत्येक जण आपल्या अनुभवातून शिकतो. बाबासाहेबांनी महाडच्या तळ्यावर आणि नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे हजारो माणसांचा अनुभव जमेस धरून निष्कर्ष काढला. बाळूंचा अनुभव त्यांच्या एका असामान्य हाताचा होता. पण ज्या लाखो लोकांजवळ तसा हात नव्हता त्यांनी कोणाच्या दारात उभे राहावे? या प्रश्नाला बाळूंच्या मार्गात उत्तर नव्हते. ते उत्तर बाबासाहेबांनी दिले.

जुलै १९५५ मध्ये मुंबईत बाळूंचे निधन झाले. त्यानंतर अवघ्या पंधरा महिन्यांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरच्या दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी लाखो बांधवांसह धम्मदीक्षा घेतली. तो दिवस बाळूंनी पाहिला नाही.

आपण काय घ्यावे

प्रथम दर्जाचे ३३ सामने आणि १७९ बळी, असा बाळूंचा हिशेब आकड्यांच्या वह्यांत सापडतो. पण आपल्या घरी त्यांच्याबद्दल सांगताना आणखी तीन गोष्टी सांगाव्यात.

पहिली गोष्ट कष्टाची. तीन रुपयांच्या नोकरीत, दुसऱ्याच्या सरावासाठी चेंडू टाकता टाकता बाळूंनी आपली विद्या मिळवली. साधने नाहीत, वशिला नाही, घर लहान आहे, ही कारणे आपल्या मुलामुलींच्या तोंडी येतात आणि ती खोटी नसतात. तरीही जे हाती आहे त्यावर हात बसवता येतो. प्रयत्न हा आपल्या धम्मात आठ अंगांपैकी एक आहे.

दुसरी गोष्ट स्वाभिमानाची. गुण असला म्हणजे मान आपोआप मिळेल या भरवशावर राहू नये. कचेरीत, कारखान्यात, कॉलेजात आपल्या मुलांना काम दिले जाईल, शाबासकीही दिली जाईल, पण अधिकाराची जागा आली की कारणे सांगितली जातील. त्या वेळी १९२० सालचे विठ्ठल आणि शिवराम आठवावेत. शांतपणे, नावानिशी, चारचौघांत आपला हक्क सांगावा. आणि एकाचा हक्क गेला तर दुसऱ्या भावाने त्याच्यासाठी बाहेर उभे राहावे.

तिसरी गोष्ट आपल्या स्वतःच्या घराची. आपण दीक्षा घेतली, घरातले जुने देव गेले, बावीस प्रतिज्ञा म्हटल्या. पण आपल्यातले आपल्यात काय चालते? महार-चांभार-मांग हे भेद आपल्या मनातून गेले आहेत का? आपल्या वस्तीत एखादे ढोराचे किंवा भंग्याचे घर असेल तर त्याच्या घरी आपण चहा पितो का? बाळू चांभार होते म्हणून ते आपले नव्हेत, असे एखाद्याच्या मनात हे वाचताना आले असेल, तर त्याने समजावे की ते मातीचे बोळके अजून आपल्या हातात आहे. ते आधी फोडले पाहिजे.

येत्या रविवारी वंदनेनंतर मुलांना जवळ बसवून ही गोष्ट सांगावी. मग सर्वांनी मिळून, एकाच प्रकारच्या कपातून, चहा घ्यावा. शेजारच्या घरालाही बोलवावे.